खाली सही कुणाची

दुसऱ्याच्या नावावर चित्रं रंगवणं हा माझा धंदा आहे. त्यात लपवाछपवी काही नाही. पैसे बँकेत जमा होतात, टीडीएस कापला जातो, मार्चअखेरीस कागद सीएकडे जातात. चौकटीवर कॅनव्हास ताणण्यापासून शेवटचा हात फिरवण्यापर्यंत बरंचसं काम माझं आणि खाली सही चित्रकाराची. कुणी विचारलं तर पूर्वी 'एका आर्टिस्टकडे असिस्टंट आहे' असं सांगायचो. हल्ली नुसतं 'रंगवतो' म्हणतो. मग लोक घराच्या भिंतींचा भाव विचारतात.

ज्यांच्याकडे मी कामं केली ते बहुतेक सगळे कल्पनेला हातापेक्षा जास्त मान देणारे चित्रकार. त्यांच्या चित्रातली प्रतिमा सहसा दुसऱ्या कुणाची तरी असते: कॅलेंडरवरचा देव, वर्तमानपत्रातला फोटो, जुनी जाहिरात, एखाद्या मोठ्या चित्रकाराचं गाजलेलं चित्र. रंगवणारा हातही पुष्कळदा दुसऱ्याचा. मग त्यांचं त्यात काय? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत पडतो. मला तो पडायला बरीच वर्षं लागली, कारण मी ज्या कामातून आलो तिथं असं कुणी विचारतच नव्हतं.

मी मूळचा बॅनरवाला. सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या परळच्या एका स्टुडिओत शाळा सुटल्यावर लागलो. आधी डबे धुणं, मांजरपाटाला सरस आणि खडूचा हात देणं, मग दोरी मारणं. निर्मात्याच्या ऑफिसातून स्टिल फोटो यायचे. हाताएवढ्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, निळीत बुडवलेली दोरी ताणून फटकन सोडली की कापडावर रेघ उठायची, असे तेवढेच चौकोन तिथं पाडायचे, आणि एकेका घरातलं नाक-डोळं पलीकडच्या घरात मोठं करून न्यायचं. चेहरे मास्टर करायचे, कपडे आणि मागचा डोंगर-आग-मोटार आम्ही, अक्षरं लेटरिंगवाला. गाल जवळून बघितला तर हिरवा, शेंदरी, जांभळा असे नुसते फटकारे दिसायचे. रस्त्यापलीकडून तोच गाल जिवंत व्हायचा. मास्टर दर थोड्या वेळानं ब्रश ठेवून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायचे. 'चित्र इथनं बघायचं असतं, रंगवायचं तिथं' हे त्यांचं वाक्य.

उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव असायचं, तेही लेटरिंगवाल्यानं काढलेलं. मास्टरांचं नाव नाही, आमचं तर नाहीच. ज्यानं तो फोटो काढला त्या स्टिल फोटोग्राफरचं नावही आम्हाला कधी कळलं नाही, विचारावंसंही वाटलं नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव राहिलं, कारण सिनेमा कंपनीच त्यांची होती. हुसेन मुंबईत होर्डिंगं रंगवून पोट भरत होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या हातचं एखादं होर्डिंग दाखव म्हटलं तर कोण दाखवणार? सिनेमा उतरला की कापडावर पुन्हा पांढरा हात बसायचा, नाहीतर ते पावसाळ्यात झोपड्यांवर आणि ट्रकवर टाकायला विकलं जायचं.

पुढं फ्लेक्स आला आणि काही वर्षांत हातानं रंगवायचं काम संपलं. स्टुडिओत आम्ही पत्ते खेळत बसलेलो असायचो, तेव्हा एक चित्रकार आला. परदेशात प्रदर्शनं झालेला माणूस. त्याला दंगलीतल्या एका फोटोवरून मोठा कॅनव्हास करून हवा होता आणि तो 'तुम्ही बॅनर करता अगदी तसाच' हवा होता. मी माझी सगळी हुशारी पणाला लावून बॅनरसारखं न दिसणारं, सभ्य, आर्ट स्कूलवाल्यांना आवडेल असं चित्र केलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, 'मास्टर, हे सुंदर आहे. मला हे नको. मला ते गालावरचे हिरवे पट्टे पाहिजेत.' त्याला माझा हात हवा होता तो आमच्या धंद्याचा म्हणून. मी तो फोटो पुन्हा रंगवला. पळणाऱ्या माणसाचा चेहरा हिरोसारखा चमकायला लागला आणि चित्र बघवेना. दंगलीचा फोटो आपण सवयीनं पान उलटून टाकतो. तोच माणूस पडद्यावरच्या हिरोच्या थाटात समोर उभा राहिला तर मान फिरवता येत नाही. हे त्याला आधी दिसलं होतं, मला रंगवून झाल्यावर दिसलं. त्या चित्राचा कर्ता तोच, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

शंका आली ती लक्ष्मीपासून.

दुसऱ्या एका चित्रकारानं चोरबाजारातून रविवर्म्याच्या लक्ष्मीचं जुनं छापील चित्र आणलं होतं. रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या चित्रांनी घराघरातले देव्हारे भरले. त्याच छापाचं हे चित्र. चित्रकाराची अट अशी की मूळ तैलचित्र विसरायचं आणि हा फाटका कागद जसाच्या तसा, सहा फुटी करायचा. डाग, घडीची रेघ, आणि छपाईत सरकलेला रंगसुद्धा. लिथोमध्ये प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. कागद केसभर हलला की एक रंग रेषेबाहेर जातो. या लक्ष्मीच्या पदराचा लाल रंग काठाबाहेर सांडला होता आणि डाव्या तळव्याला दोन कडा दिसत होत्या.

भिंगाखाली धरलं तेव्हा खरं काम कळलं. गालावर रंगाचा सपाट हात नव्हताच, सगळे ठिपके. हनुवटीखाली दाट, गालफडावर विरळ, नाकाच्या शेंड्याशी जवळजवळ नाहीत. निळ्या दगडावरचे वेगळे, गुलाबी दगडावरचे वेगळे, आणि दोन्ही मिळून कातडीचा रंग. मी शून्य नंबरच्या ब्रशनं ते एकेक मोठे करत बसलो. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी रविवर्म्याची नक्कल करतच नाहीये. रविवर्म्यानं तैलरंगात ठिपके मारले नव्हते. दगडावर लेखणीनं हे ठिपके देणारा छापखान्यातला कुणी कारागीर होता, आणि माझा हात त्याच्या हातावरून चालला होता. त्याची खोड मला कळायला लागली. पापणीपाशी आल्यावर तो घाई करायचा. दागिन्यांपाशी मात्र रमायचा. माझ्यासारखाच बिनसहीचा माणूस, शंभरेक वर्षांमागचा.

त्या चित्राच्या पाटीवर चित्रकाराचं नाव होतं, पुस्तिकेत रविवर्म्यावर दोन पानं होती. उद्घाटनाला मी होतो. लग्नाच्या मांडवात वाजंत्रीवाला असतो तसा. असावा लागतो, पण त्याला कुणी 'तुमचं गाव कुठलं' विचारत नाही. एका बाईंनी मला थांबवून सांगितलं की ठिपक्यांमध्ये चित्रकाराची साधना दिसते. मी 'हो' म्हटलं. आणखी काय म्हणणार? चित्राबद्दल बाहेर बोलायचं नाही असं एक कलम माझ्या कागदात होतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. इंग्रजी जेमतेम, पण प्रदर्शनांच्या पुस्तिका स्टुडिओत पडलेल्या असायच्या आणि अडलेलं सांगायला पोरं असायची. शेरी लेव्हिन नावाच्या अमेरिकन बाईंनी 1981 मध्ये वॉकर इव्हान्स या फोटोग्राफरच्या जुन्या फोटोंचे फोटो काढले आणि आपल्या नावानं मांडले. बदल काही नाही, फक्त नाव. मला आधी राग आला, मग धास्ती वाटली, कारण तिथं हाताला कामच नव्हतं. स्टर्टेव्हंट नावाची चित्रकर्ती जवळची वाटली. ती 1960च्या दशकापासून वॉरहॉलची फुलं, इतरांची चित्रं पुन्हा करत राहिली, आणि वॉरहॉलनं आपली छपाईची जाळी तिला वापरायला दिली. आपल्याकडं रविवर्म्याच्या त्याच लक्ष्मीला अतुल डोडियांनी 2001 मध्ये दुकानाच्या लोखंडी शटरवर आणलं. शटर वर सरकवलं की मागं हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी दिसतात. मला उसनवारीतलं हे पटतं. घेतलेल्या प्रतिमेकडून असं काही वदवून घ्यायचं की ते तिच्या पहिल्या मालकाला सुचलं नसतं, किंवा सुचलं तरी बोलता आलं नसतं. नुसतं 'मी हे उचललं आहे बरं का' असं सांगण्यासाठी उचललेली चित्रंही मी ढिगानं रंगवलीत. ती रंगवताना झोप येते.

एक गोष्ट मात्र खटकायला लागली आणि आजही खटकते. प्रतिमेवर कुणाची मालकी नसते, कर्ता वगैरे कल्पना जुनी झाली, असं भिंतीवर लिहिणारे चित्रकार स्वतःच्या सहीच्या बाबतीत फार काटेकोर असतात. चित्रासोबत प्रमाणपत्र जातं, त्यावर शिक्का असतो, आणि माझ्या हाताचं सांगू नये म्हणून कलम असतं. कर्ता जुना झाला असेल तर तो सगळ्यांचाच झाला पाहिजे ना?

अशात मला माझंच चित्र भेटलं. दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत काचेमागं जुन्या बॅनरचा तुकडा लावला होता. अर्धा चेहरा, कान, कॉलर, मागं केशरी आग. पाटीवर एका चित्रकाराचं नाव आणि 'सापडलेलं कापड' अशा अर्थाचं काहीतरी. कानाच्या पाळीला आतून शेंदराची बारीक रेघ होती. ती रेघ मी द्यायचो. मास्टर त्यावरून मला चिडवायचे, हिरोचा कान लाजतो म्हणून. चेहरा मास्टरांचा, कान आणि आग माझी.

घरी सांगितलं तर भावानं वकील कर म्हणून सुरुवात केली. मी मात्र त्या तुकड्यासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो तो दुसऱ्याच कारणानं. तो कापला होता फार चांगला. मूळ बॅनर वीस फुटांचा असणार, त्यावर दोन हिरो, हिरोईन, खलनायक, विमान. त्यातून या माणसानं नेमका असा चौकोन काढला होता की नाक अर्ध्यावर तुटतं आणि आग चेहऱ्याच्या आत शिरते. मी आणि मास्टर शंभर वर्षं बसलो असतो तरी तिथं कात्री लावली नसती. आमच्या लेखी चेहरा तोडणं हे पाप. त्या कात्रीचा कर्ता तो होता. आणि रेघेचा मी. दोन्ही खरं होतं, आणि पाटीवर दोन्हीला जागा होती. चार इंची पाटीत आणखी एक ओळ बसते. 'परळच्या स्टुडिओतल्या अनाम बॅनर-पेंटरांचं काम' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

वकिलाकडं शेवटी गेलो, ओळखीचा होता. त्यानं 1957चा कॉपीराइट कायदा समजावला. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिली मालकी काम सांगणाऱ्याची, हे कलम 17. पण कलम 57 म्हणतं, हक्क विकला तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार जात नाही. विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प उतरवून मोडकळीस आणलं म्हणून अमरनाथ सेहगल सरकारशी भांडले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकले, ते याच कलमावर. 'मग माझं नाव?' मी विचारलं. तो म्हणाला, 'आधी तू कर्ता आहेस का ते ठरू दे. चित्रातले निर्णय कुणी घेतले? सांगितलं तेवढंच केलंस, की काही ठरवलंस?'

प्रश्न साधा, पण त्यानं माझ्या सगळ्या जुन्या कामांची वाटणी करून टाकली. दंगलीच्या चित्रात काहीच ठरवलं नव्हतं. माझी पद्धतसुद्धा त्यानं निवडली होती. लक्ष्मीतही नाही. पण अशी कामं होती की चित्रकार फोटो देऊन परदेशी गेला आणि उजेड कुठून यायचा, कुठली कड विरघळवायची, चित्र झालं कधी म्हणायचं, हे सगळं मीच ठरवलं. तो विमानतळावरून आला, बघितलं, 'ग्रेट' म्हणाला, सही केली.

अगदी याच मुद्द्यावर जर्मनीत खटला झाला हे मला पुढं कळलं. मार्टिन किप्पेनबर्गर या चित्रकारानं 1981 मध्ये बर्लिनमधल्या सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या कंपनीकडून आपली चित्रं करून घेतली होती. 1991 मध्ये त्यानं 'पॅरिस बार' हे चित्र असंच करवून घेतलं. रंगवणारा होता पोस्टर-पेंटर ग्योट्झ व्हालिएन. आमच्याच जातकुळीचा! 2009 मध्ये लंडनच्या लिलावात ते चित्र सुमारे 23 लाख पौंडांना गेलं. व्हालिएन न्यायालयात गेला, आणि 2023 मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं त्याला सहकर्ता मानलं. फोटोवरून चित्र करताना त्यानं स्वतःचं काही घातलं होतं म्हणून. त्याआधी वर्षभर, 2022 मध्ये, पॅरिसच्या न्यायालयानं मॉरित्सिओ कॅटेलान या कलावंतासाठी मेणाचे पुतळे करणाऱ्या शिल्पकाराचा दावा फेटाळला होता. त्याच 2023 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वॉरहॉलच्या संस्थेविरुद्ध आणि फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथच्या बाजूनं निकाल दिला. तिनं काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून वॉरहॉलनं चित्रं केली होती. 1984 मध्ये तिला एका वापराचे 400 डॉलर मिळाले होते, संस्थेनं पुढं दुसरं चित्र पैसे घेऊन एका विशेषांकाला छापायला दिलं तेव्हा काहीच नाही. न्यायालयं हळूहळू आमच्या बाजूला सरकताहेत असं म्हणायचा मोह होतो, पण कोण आमच्या आणि कोण त्यांच्या बाजूला? बॅनर रंगवताना स्टिल फोटोग्राफरच्या लेखी मीच वॉरहॉल होतो.

मला भावलेले चित्रकार न्यायालयाबाहेरचे. जॉन बाल्डेसारीनं 1969 मध्ये हौशी चित्रकारांना फोटो देऊन चित्रं रंगवून घेतली आणि प्रत्येक कॅनव्हासवर त्या रंगवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं. (ती अक्षरं ज्या पाटीवाल्यानं काढली त्याचं नाव मात्र मी कुठं वाचलेलं नाही. लेटरिंगवाल्यांचं नशीब सगळीकडं सारखंच.) मेक्सिको सिटीत फ्रान्सिस अलीसनं 1990च्या दशकात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांना आपली छोटी चित्रं दिली. त्यांनी ती आपल्या मनानं मोठी केली, मग यानं त्यांच्यावरून पुन्हा स्वतःची केली. कोण मूळ आणि कोण नक्कल, याचा गुंता त्यानं मुद्दाम होऊ दिला, पण पाटीवाल्यांची नावं आपल्या नावाशेजारी लावली. डेमियन हर्स्टच्या ठिपक्यांच्या चित्रांपैकी बहुतेक सहायकांनी केली, आणि तो ते उघड बोलतो. उघड बोलल्यानं त्याची किंमत कमी झाल्याचं दिसत नाही.

तेव्हापासून मी काम घेताना एक कागद पुढं करतो. मराठीतच लिहिला आहे, अर्ध्या पानाचा. सांगाल तसंच करायचं असेल तर नाव नको, दर अमुक. मी ठरवायचं असेल तर पाटीवर आणि पुस्तिकेत 'रंगवणार' म्हणून नाव, दर तोच. दर तोच ठेवला, कारण नावासाठी पैसे वाढवले असते तर ते विकत घेतल्यासारखं झालं असतं. गप्प बसायचं कलम असेल तर काम नाही. या कागदामुळं दोन-तीन मोठी कामं गेली. एका गॅलरीनं तर 'आमच्या कलेक्टरना हे आवडणार नाही' असं स्वच्छ सांगितलं. तो प्रामाणिकपणा मला आवडला. काही चित्रकारांनी मात्र सही केली आणि त्यांचं काही अडलं नाही. एक जण तर म्हणाला की नाव लिहायचं म्हटल्यावर मला नक्की काय सांगायचं ते आधी बसून ठरवावं लागलं, नाहीतर मी तुझ्यावरच सोडलं असतं.

सध्या एका तरुण चित्रकर्तीचं काम चालू आहे. तिला पडक्या थिएटरच्या गच्चीवर एक जुना बॅनर सापडला, तिनं त्याचे फोटो काढले, आणि त्यावरून मोठे कॅनव्हास मी करायचे. उन्हानं रंग उडालेत, पण चेहऱ्याचे फटकारे ओळखीचे आहेत. ते मास्टरांचेच असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं. मी तिला तसं सांगितलं. 'मग काका, पाटीवर माझं, तुमचं आणि त्यांचं, तीन नावं घालू,' ती म्हणाली. मी म्हटलं, त्या बॅनरमागं एक स्टिल फोटोसुद्धा असणार. ती हसायला लागली, 'पाटी चित्रापेक्षा मोठी होईल!' गॅलरीनं तीन नावांना होकार दिला आहे. मास्टर आता नाहीत, त्यांच्या मुलाला फोन करून विचारलं. तो रिक्षा चालवतो, 'घाला की, विचारता काय' म्हणाला. फोटोग्राफरचा शोध चालू आहे. त्या काळचे एक-दोघं अजून अंधेरीकडं राहतात असं कळलंय, या रविवारी बॅनरचा फोटो घेऊन त्यांच्याकडं जायचं आहे.